कोपरा फाटलेला लखोटा

बेलापूर, ता. २० एप्रिल १९४६

चि. मच्छिंद्र यास,

हे पत्र पाहून तुझा गैरसमज होऊ नये म्हणून आरंभीच सांगते, की मी समेटासाठी लिहीत नाही. चार वर्षांपूर्वी जे घडले त्याविषयी माझे मत बदललेले नाही व ते बदलावे असे नवे काही माझ्या कानावर आलेले नाही. एक गोष्ट तुला कळविणे माझे कर्तव्य आहे, तेवढी कळविते.

तुझा पत्ता भिंगारच्या शमशेरने दिला. त्याची बहीण बद्रुन्निसा आपल्या गावी दिलेली आहे आणि तिची मुलगी माझ्या शाळेत तिसरीत शिकते. रजेवर आला असता तो भाचीला पोहोचविण्यास आला आणि वर्गाच्या दारात बूट आपटून उभा राहिला. म्हणाला, "बाई, तुमचा मच्छिंद्र जबलपूरला आमच्याच वर्कशॉपात हाय. लॉऱ्यांची इंजनं खोलतो. लई हुशार पोरगा, साहेबलोक त्यालाच हाका मारतेत." मी त्यास सांगितले, की शाळेच्या दारात बूट आपटू नयेत. नंतर पत्ता लिहून घेतला.

आता मुद्दा. गणिताच्या उच्च अभ्यासासाठी विलायतेतील एका विद्यापीठाकडे मी प्रवेशाचा अर्ज केला आहे. प्रवेश मिळाल्यास दोन वर्षे तिकडे राहावे लागेल. पुण्यातील एका विश्वस्त मंडळाने शिष्यवृत्ती देण्याचे मान्य केले आहे, मात्र ती प्रवेशाचे पत्र हाती आल्यावरच मिळेल. निर्णय जुलैच्या आरंभापर्यंत कळेल. अर्जाविषयी मला शंका नाही. सोबत पाठवावयाचा निबंध पूर्ण झाला तेव्हा शेवटच्या पानावर शाईचा एक ठिपका पडला होता. मी सबंध निबंध पुन्हा लिहून काढला. त्यात कोणी दोष दाखविल्यास मी त्याची ऋणी राहीन, परंतु तसा मनुष्य भेटेल असे वाटत नाही.

प्रश्न आईचा आहे. तिला उजव्या डोळ्याने दिसत नाही. अप्पांच्या पश्चात घरात आम्ही दोघीच आहोत आणि मी गेल्यावर ती एकटी राहू शकणार नाही. रीतीने पाहता मुलगा म्हणून तिची जबाबदारी तुझीही आहे. ती तू घेऊ शकतोस की नाही, हे 'होय' किंवा 'नाही' एवढ्या शब्दांत कळवावे. वर्णन नको.

या पत्राविषयी आईस काही सांगितलेले नाही.

चांगुणा अप्पासाहेब खंडागळे


बेलापूर, ता. १६ जून १९४६

चि. मच्छिंद्र यास,

तुझे उत्तर आले नाही. पत्र तुला पोहोचले, असे शमशेरने बहिणीस कळविले आहे. यावरून तुझे मौन हेच उत्तर समजावयाचे की काय, ते स्पष्ट करावे. मौनाचा अर्थ लावणे हा माझा विषय नव्हे.

विद्यापीठाकडूनही अद्याप काही नाही. स्टेशनावरून टपालाची थैली येते, ती उघडून आसाराम टपाल वाटण्यास गावात निघतो आणि शाळेवरून जाताना खिडकीपाशी थांबतो. मी खिडकीकडे जात नाही. मुलींना उदाहरण घातलेले असते, ते संपेपर्यंत पाहतही नाही. तोच बाहेरून ओरडतो, "बाई, आज बी राजाचं बोलावणं न्हाई!" मुली हसतात. त्याला मी दोनदा समज दिली आहे. तो म्हणतो, "मंग खालच्या आवाजात सांगू व्हय?"

ही बातमी गावभर झाली ती आईमुळे. नदीवर धुणे धुताना तिने ती सांगितली आणि आता वाटेत बायका मला थांबवून विचारतात, की इलायतेत चुली असतात का, तिथे पाणी कोण भरते. शेजारच्या मालनबाईंनी तर विचारले, "बाई, तिकडं गेल्यावर मानूस गोरं होतं का?" मी उत्तर देत नाही. आई उत्तर देते आणि ते चुकीचे असते.

तिची तक्रार निराळी आहे. परवा भाकरी थापता थापता म्हणाली, "लगीन न्हाई, पोर न्हाई, आन् आता समिंदर. वर गेल्यावर तुज्या अप्पाला मी काय सांगू?"

मी म्हणाले, "सांग, की एम. ए.ला पहिला वर्ग मिळाला."

"त्यो खूश हुईल," आई म्हणाली. "त्यो बी तसलाच हुता."

सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेस यंदाही मी पर्यवेक्षक होते. परीक्षार्थींच्या टोप्या तपासून त्यांना आत घेण्याची पद्धत मी घातली, ती आता आपल्या केंद्रावर रूढ झाली आहे. तुझ्या टोपीच्या अस्तरातून निघालेला कागद मी केंद्रप्रमुखांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा ते म्हणाले होते, "बाई, घरचंच पोर आहे. ठेवा बाजूला." मी तो बाजूला ठेवला नाही. तुला दोन वर्षे परीक्षेची बंदी झाली, आणि ती उठण्याची वाट न पाहता तू पलटणीत नाव घातलेस. यात माझ्या हातून अन्याय झाला असे कोणी मला पटवून दिलेले नाही. आईने त्या वेळी एकच प्रश्न विचारला होता, "कागूदच हुता ना? फाडून टाकला असतास तर काय झालं असतं?" तिला प्रश्नच कळला नव्हता. तू क्षमा मागून येईपर्यंत तुझे नाव या घरात निघू नये, असे मी तेव्हा सांगितले. आईने ते अक्षरशः पाळले आहे.

उत्तर पाठवावे.

चांगुणा खंडागळे


बेलापूर, ता. १० जुलै १९४६

चि. मच्छिंद्र यास,

काल घडले ते क्रमाने लिहिते. क्रम सोडला तर ते हास्यास्पद वाटेल.

शाळा सुटल्यावर मी घरी आले तो अंगणात बायका बसल्या होत्या. आई ओट्यावर ओलेत्याने बसलेली, डोक्यावरून पाणी गळत होते. मालनबाई उठून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाई, आता धीर तुमीच धरा. मच्छू गेला."

मी विचारले, "कोणी कळविले?"

"कागूद आला ना. कोपरा फाटल्याला."

मरणाची बातमी म्हणून कोपरा फाडलेले पत्र उंबऱ्याच्या आत घ्यावयाचे नाही, बाहेरच वाचून फाडावयाचे आणि डोक्यावरून स्नान करावयाचे, ही रीत तुला ठाऊक आहेच. लढाईच्या वर्षांत आपल्या गावी तशी पत्रे आली, तीही इंग्रजीत आणि शिक्का मारलेली. पत्र कोठे आहे, असे मी विचारले. आईने ते फाडले होते आणि स्नानास नदीवर गेली तेव्हा तुकडे प्रवरेत सोडले होते. घाटमाथ्यावर पाऊस असल्यामुळे नदी दुथडी भरून आहे.

मी आसारामच्या घरी गेले. तो जेवत होता. हात न धुता बाहेर आला.

"लखोटा कसा होता?"

"लांबोडा, बाई. चांगला जाड. पिवळसर कागूद. तिकटाचा कोपराच न्हवता. इलायती तिकीट कुनाला तरी भावलं आसंल, कोपऱ्यासकट काढून घेतलं."

"शिक्का?"

"मागच्या अंगाला. गोल. त्यात पुस्तकाचं चित्र."

"नाव?"

"तुमचंच की. तुमचं इंग्रजी नाव मी वळखतो. मी तुमच्या आईला म्हनलं बी, राहीबाई, बाईंना येऊ द्या. तर म्हनल्या, घरात वाचनारी तीच, म्हनून तिचं नाव घातलंया. दे हिकडं."

लढाई खात्याच्या शिक्क्यात पुस्तक नसते. ते पत्र विद्यापीठाचे होते.

घरी परत येऊन मी आईस एकच विचारले, की माझी वाट का पाहिली नाही. तिने पदर पिळला. मग म्हणाली, "तू आली असतीस तर वाचलं असतंस. वाचून झाल्यावर म्हनली असतीस, आई, ह्यात अमकी चूक हाय, तमकी चूक हाय. मला माज्या लेकराचा कागूद तसा ऐकायचा न्हवता."

चार वर्षांत तिने प्रथमच तुझा उल्लेख केला.

मला काही वाटले नाही. मी हातपाय धुतले. बायकांना घरी जाण्यास सांगितले, त्या गेल्या नाहीत. दिवा लावला आणि चौथीच्या वह्या तपासल्या. एका मुलीचे उत्तर बरोबर असता मी त्यावर फुली मारली होती, ती आज सकाळी लक्षात आली आणि दुरुस्त केली.

लखोटा जाड होता. नकार एका पानात मावतो. होकाराबरोबर छापील नियम येतात, वसतिगृहाची माहिती येते, जहाजाविषयी सूचना येतात. हा तर्क मी केला आणि बाजूला ठेवला, कारण तर्क हा पुरावा नव्हे. उद्या विद्यापीठास तार करून पत्राची नक्कल मागविणार आहे. स्वीकृती कळविण्यास मुदत असेल तर ती चालू झाली असणार.

चांगुणा


बेलापूर, ता. १६ जुलै १९४६

चि. मच्छिंद्र,

हे पत्र शमशेर आपल्या हाताने आणील. तो पुन्हा रजा घेऊन दोन दिवस बहिणीकडे आला होता आणि आज परत निघाला आहे.

टपालवाल्यांचा संप सुरू झाला हे तुला ठाऊक असेलच. मी तार करण्यास गेले त्याच दिवशी कचेरीला कुलूप होते. स्टेशनमास्तरांना विचारले. ते म्हणाले, रेल्वेची तार खासगी मजकुरासाठी नाही. नियम योग्य आहे. आसाराम घरी बसून दोर वळतो. मला पाहून उभा राहतो आणि म्हणतो, "बाई, तुमच्यापायी मी एकटा कामावर गेलो असतो, पर थैलीच येत न्हाई तर वाटू काय?"

वाट पाहणे चालू आहे, एवढेच. फरक असा, की पूर्वी मी येणाऱ्या पत्राची वाट पाहत होते. आता जे येऊन गेले त्याची पाहते. यात दुःख आहे काय, याचा मी विचार केला. दुःख सापडले नाही. दात काढून घेतल्यावर डॉक्टर बधिर गालावर टिचकी मारतो आणि विचारतो, लागले का, तसे आहे.

तुला लिहिण्याचे कारण आई. ती पानावर बसते आणि उठते. मी तिच्याशी स्पष्ट बोलले.

"आई, ते विद्यापीठाचे पत्र होते."

"व्हय."

"मच्छिंद्र जिवंत आहे. शमशेरने त्याला डोळ्यांनी पाहिले आहे."

"कवा?"

"मागच्या आठवड्यापर्यंत दोघे एकाच वर्कशॉपात होते. विचार त्याला."

"इचारलं. त्यो तुज्या शाळंच्या दारात उभा ऱ्हाऊन बोलला. तू शिकीवलं आसशील."

मी म्हणाले, "मी कधी खोटे बोलले आहे का?"

"न्हाई गं बाई," ती म्हणाली. "उभ्या जल्मात न्हाई. तेच तर. आता माज्यासाठनं बोलाया लागलीस म्हंजी किती वंगाळ झालं आसंल, ह्येच मनात येतंय."

ज्या मनुष्याने कधी खोटे सांगितले नाही त्याचे खरे केव्हा संशयास्पद होते, हे मला प्रथमच कळले.

दहाव्याची तयारी तिने चालविली आहे. भटजींना बोलावून घेतले. त्यांनी विचारले, "सरकारी कागद कुठं आहे? कागदाशिवाय मी कसं सांगू, कोणत्या तिथीला गेला?" आई म्हणाली, "कागूद नदीत हाय." भटजी माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणाले, मनुष्य जिवंत आहे. तेव्हा ते उपरणे सावरून उठले आणि जाताना म्हणाले, "आधी दोघींचं एक ठरू द्या."

तरी तू आपल्या हस्ताक्षरात दोन ओळी लिहून येथे येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवाव्यात. आईला वाचता येत नाही, पण तुझे अक्षर ती ओळखते. उजवीकडे उतरते ते. मी हे तिच्यासाठी मागते. मला स्वतःला शंका नाही.

वरील वाक्य पुन्हा वाचून पाहिले. खोडत नाही. परंतु लवकर लिही.

चांगुणा


बेलापूर, ता. २९ जुलै १९४६

चि. मच्छिंद्र,

संप अजून मिटलेला नाही. मिटल्यावर हे पत्र टाकीन.

दोन ओळी मागितल्या असता तू स्वतः आलास, याविषयी मी तुला दोष देत नाही. आईने प्रथम तुझ्या थोबाडीत मारली आणि मग कान चाचपून पाहिला, ते तू अनुभवलेच आहेस. तू गाडीत बसल्यानंतर काय झाले ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

मी स्टेशनावरून परत येईपर्यंत तिने घरातली गुळाची ढेप फोडली होती. ओटीत खडे घेऊन ती घरोघर गेली. मी वाटेत तिला मालनबाईंच्या दारात गाठले. ती हसत होती आणि तिच्या तोंडून शब्द नीट निघत नव्हते. "बाईच्या शाळंचा कागूद हुता गं! नुसता शाळंचा! माजं पोर जित्तं हाय. म्या येडीनं उगं डोक्यावरनं पानी घेतलं." मालनबाईंनी गूळ घेतला, माझ्याकडे पाहिले आणि मूठ पदराखाली नेली.

पुढच्या दारी तेच. त्यापुढच्या दारी तेच. नुसता शाळेचा कागद. लोक माझ्या देखत तोंड गोड करीत आणि मग माझ्याकडे पाहून थांबत. शेवटी तिने मलाही खडा दिला. मी खाल्ला. गूळ चांगला होता.

स्टेशनावर तू म्हणालास, "अक्का, दिवाळीपतूर मला पलटणीतनं सोडत्यात. आईचं मी बघतो. तू जा." मी म्हणाले, "पर्यंत." तू हसलास आणि गाडी आली. तेव्हा उत्तर राहिले, ते आता देते. ठीक आहे. तुझ्या येण्यापर्यंत मालनबाई आईजवळ झोपतील, असे त्यांनी आपण होऊन सांगितले आहे. विश्वस्त मंडळाने शिष्यवृत्ती सप्टेंबरअखेर राखून ठेवली आहे. आता माझ्या जाण्यास कोणाचीही आडकाठी नाही. फक्त मला बोलाविले आहे किंवा नाही, ते मला माहीत नाही.

आणखी एक. काल संध्याकाळी आई निवडण घेऊन बसली होती. एकाएकी तिचा हात थांबला. म्हणाली, "चांगुणे, मंग त्या कागदात काय हुतं गं?"

"माहीत नाही."

"तुला या म्हनलं आसंल?"

"माहीत नाही, आई."

"जाड हुता," ती म्हणाली. "माज्या हाताला जाड लागला. फाटंना लवकर."

तेव्हापासून ती दारात बसून आसारामची वाट पाहते. संप आहे हे सांगूनही उपयोग होत नाही. वाट कशी पाहावी याचीसुद्धा काही शिस्त असते. तिला ती नाही. रस्त्यावर कोणी दिसले की उठते.

चांगुणा


बेलापूर, ता. २६ ऑगस्ट १९४६

प्रिय मच्छिंद्र,

टपाल सुरू झाल्याबरोबर मी तार केली होती. आज विद्यापीठाचे पत्र हवाई टपालाने आले. जुलैच्या पत्राची नक्कल आत आहे.

मला प्रवेश दिलेला नाही.

कारण त्यांनी दिले आहे. यंदा व पुढील काही वर्षे बहुतेक जागा युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी राखून ठेवल्या आहेत, सबब बाहेरदेशच्या अर्जदारांना प्रवेश देता येत नाही. निबंधाविषयी तेथील अध्यापकांचा अभिप्राय चांगला आहे. त्यात दोष आढळला नाही, असे लिहिले आहे. तो निबंध त्यांनी जुलैच्या पत्रासोबत साभार परत पाठविला होता. लखोटा जाड होता तो त्यामुळे. म्हणजे तो निबंधही प्रवरेत गेला. मजजवळ आता ठिपका पडलेली प्रत तेवढी आहे.

दोष असता तर बरे झाले असते. दोष दुरुस्त करता येतो.

आसाराम पत्र घेऊन आला तेव्हा आई दारातच होती. तिने ते त्याच्या हातातून घेतले नाही. म्हणाली, "बाईच्या हातात दे, माज्या नगं." मी उघडले, वाचले. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. माझ्या तोंडावर काही दिसले नसावे, कारण तिने विचारले, "चांगलं हाय का वाईट?"

मी म्हणाले, "घेतले नाही."

"ते आता. मुदत गेली आसंल. पयल्या कागदात काय हुतं?"

"पहिल्यातही हेच होते. ही त्याचीच नक्कल आहे."

"मराठी करून वाच."

मी एकेक वाक्य मराठीत सांगितले. सैनिकांचे वाक्य आले तेव्हा तिने मला थांबविले.

"कोन?"

"लढाईवरून परत आलेले शिपाई."

"ते गनित शिकाया बसनार?"

"होय."

"बंदुका टाकून? बाप्ये? मिशावाले?"

"होय, आई."

ती आसारामकडे वळली. "आसाराम, तुला पटतंय का रं ह्ये?"

आसाराम डोके खाजवू लागला. "आता राहीबाई, बाई म्हनत्यात म्हंजी..."

"तू गप. बाईला काय येतंय? खोटं बोलायची सवय न्हाई तिला, म्हनून असलं कायबाय जुळीवतीया. म्हनं शिपाई गनित शिकाया बसले. आपला मच्छू शिपाईच हाय की. त्याला बसवतील व्हय?" आणि मग, हळू, "घेतलं हुतं तिला. म्या फाडलं. आन् आता मला लागू नये म्हनून न्हाई म्हनतीया."

मी तिच्यापुढे पत्र धरले. ते कशासाठी धरले, मला सांगता येणार नाही. तिला वाचता येत नाही. तिने ते बाजूला सारले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरविला. तसे तिने पूर्वी कधी केल्याचे मला आठवत नाही. मी तेथेच उभी राहिले. आसाराम थैली उचलून निघून गेला.

संध्याकाळच्या आत गावभर झाले. मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक घरी येऊन गेले. आजवर मला नमस्कार करतानासुद्धा त्यांना जड जात असे. ते म्हणाले, "विलायतेने बोलाविले आणि मातेच्या एका चुकीमुळे राहून गेले, तरी आपण मातेस बोल लावीत नाही. धन्य आहे." मी म्हणाले, "मला बोलाविले नव्हते." त्यांनी मान हलविली आणि डोळे पुसले. बद्रुन्निसा मुलीला घेऊन आली आणि तिला माझ्या पाया पडावयास लावले. मालनबाई म्हणाल्या, "बाई, आमी तुमाला दगडाच्या काळजाची समजत हुतो." मी प्रत्येकास खरे सांगितले. जितके स्पष्ट सांगितले तितका त्यांचा आदर वाढला. मला आयुष्यात इतका मान कधी मिळाला नव्हता. तो ज्यासाठी मिळतो आहे ते घडलेलेच नाही.

आई जेवते. रडत नाही. परंतु चुलीजवळ बसून अधूनमधून स्वतःशी म्हणते, "म्या फाडलं." मी म्हणते, "आई, तू नकार फाडलास. त्याने काही बिघडले नाही." ती म्हणते, "व्हय गं माजे बाय," आणि मला भाकरी वाढते.

शिष्यवृत्ती आता रद्द होईल. विश्वस्त मंडळास तसे पत्र लिहून ठेवले आहे. उद्यापासून सहामाहीच्या परीक्षेची तयारी.

मी खरे सांगते यावर विश्वास ठेवील असा एखादा तरी मनुष्य असावा, असे आज मला वाटले. गावात तो नाही. मग तुझी आठवण झाली. कोणाचे भले होते की वाईट, हे पाहून मी शब्द बदलीत नाही, हे तुझ्याइतके कोणास माहीत आहे? तुला ते स्वस्तात कळलेले नाही. म्हणून तुला सांगते. मला घेतले नाही, मच्छिंद्र. जुलैतही घेतले नव्हते. आईच्या हातून काहीही गेलेले नाही.

तू आलास म्हणजे हे तिला एकदा समजावून सांग. तुझे ती ऐकेल. दिवाळीला ये. मी येथेच असेन.

तुझी
अक्का

ता. क. पत्र पाकिटात घालीत असता आई जवळ येऊन बसली. तिला तुला काही कळवावयाचे आहे. सांगते तसे लिहिते.

"मच्छू, येळंवर जेवत जा. कानाला वारं लागू देऊ नगंस. हितं समदं बरं हाय. आन् एक आईक. अक्काला इलायतंत घेतलं हुतं बरं का. म्या कागूद फाडला म्हनून ऱ्हायलं. ती न्हाईच म्हनंल, वर शिपायांचं कायतरी सांगंल. तू खरं मानू नगंस. पर तिच्याम्होरं मानल्यावानी कर."